कृपया एकाने उतरावे

नवी लिफ्ट बोलते, हे बसवताना कुणी सांगितलंच नव्हतं. सांगितलं असतं तर इमारतीच्या समितीने त्यावर आधी बैठका घेतल्या असत्या, पोटसमिती नेमली असती आणि लिफ्ट आजही यायचीच असती. ती आली, सुरू झाली, आणि पहिल्याच सकाळी चौथ्या मजल्यावरच्या बाई भाजीची पिशवी घेऊन तीत शिरल्या. वर पोचल्यावर छतातून गोड आवाज आला, "चौता मजला."

बाई बाहेर पडल्याच नाहीत. आपल्या ऐकण्यात चूक झाली असेल म्हणून त्या तशाच पुन्हा खाली गेल्या आणि पुन्हा वर आल्या. लिफ्ट आपल्या मतावर ठाम होती. चौता म्हणजे चौता.

बाईंनी सगळं आयुष्य शाळेत भाषा शिकवण्यात घालवलं होतं. इमारतीत त्यांना समोर नुसतं 'बाई' म्हणत आणि पाठीमागे 'व्याकरणबाई'. त्यांना हे माहीत होतं आणि त्यात त्यांना काही गैर वाटत नसे. शब्द समासाच्या दृष्टीने बरोबर होता. त्या तडक सेक्रेटरींच्या दारात गेल्या.

"माझं घर चौथ्या मजल्यावर आहे," त्या म्हणाल्या. "चौता मजला या इमारतीत नाही. जोवर ही लिफ्ट मला नीट घरी नेत नाही तोवर मी जिन्याने चढेन. गुडघे माझे जातील, पाप तुमच्या माथी."

सेक्रेटरी विमा कंपनीतून निवृत्त झाले होते आणि घरातसुद्धा परिपत्रकासारखे बोलत. बायकोकडे पाणी मागताना ते 'सदर पाणी' म्हणतात अशी एक वदंता होती. "सदर बाब समितीपुढे ठेवण्यात येईल," ते म्हणाले, आणि लिफ्टच्या मेकॅनिकला बोलावण्यात आलं.

मेकॅनिकला यात काहीच अवघड वाटलं नाही. "आत एक छोटं कार्ड असतं. प्रत्येक मजल्याची एक फाइल, दाराची एक, जास्त वजनाची एक. तुमच्या आवाजात भरून द्या, मी बसवतो. पाच मिनिटांचं काम."

पाच मिनिटांचं काम, हे शब्द ज्याने उच्चारले त्याला नंतर ते काम करावं लागत नाही, हा जगाचा जुना नियम आहे.

बैठकीत पहिला प्रश्न आवाज कुणाचा हा निघाला. सेक्रेटरींना वाटत होतं की पदसिद्ध आवाज त्यांचाच. बाईंना हा प्रश्नच पडला नव्हता. पाचव्या मजल्यावरचे इंजिनियर, ज्यांनी आयुष्यात धरणाच्या भिंतीखेरीज काही बांधलं नव्हतं पण सल्ला मात्र टाचणीपासून विमानापर्यंत देत, त्यांचं म्हणणं पडलं की धोक्याची सूचना तांत्रिक माणसाच्या तोंडून आली तर लोक ऐकतात. शेवटी वाटणी झाली. मजले बाईंचे, 'दार बंद होत आहे' सेक्रेटरींचं, आणि जास्त वजनाची सूचना इंजिनियरांची.

मग त्या सूचनेचे शब्द ठरवायला बसले. इंजिनियरांनी लिहून आणलं होतं, 'क्षमतेपेक्षा भार अधिक आहे, एकाने बाहेर पडावे.'

"पडावे?" बाई म्हणाल्या. "माणूस पडायला सांगता? यावे म्हणा."

"बाहेर यावे म्हणायला लिफ्ट काय बाहेर उभी आहे?" इंजिनियर म्हणाले. "ती आत आहे. जावे."

"'जावे' म्हणजे उद्धटपणाचा भास होतो," सेक्रेटरी म्हणाले. "सभासद आहेत ते. बाहेर जाण्याची कृपा करावी."

"तेवढं बोलून होईपर्यंत दोर तुटेल," इंजिनियर म्हणाले.

चहा थंड झाला. अखेर 'कृपया एकाने उतरावे' यावर एकमत झालं, आणि सगळे असे मोकळे होऊन बसले की जणू धरणच बांधून झालं. तेव्हा कुणीतरी विचारलं, की हे सगळं रेकॉर्ड करून, कापून, जोडून, फाइली कोण करणार?

"मी करतो," मागच्या खुर्चीवरून दुसऱ्या मजल्यावरचे ऑपरेटर म्हणाले.

एकदम शांतता झाली. ऑपरेटरना या शांततेची जुनी ओळख होती. माणसं एकमेकांकडे बघू लागली की ती अशी होते.

ऑपरेटरना जन्मापासून दिसत नव्हतं. त्यांना स्वतःला त्याचं फारसं काही वाटत नसे. इतरांना जेवढं वाटे तेवढं दोघांना पुरून उरे. नोकरीभर ते एका बँकेचा टेलिफोनचा बोर्ड सांभाळत होते, आणि निवृत्त झाल्यावर घरच्या कॉम्प्युटरवर एका वाचनालयाची बोलकी पुस्तकं साफ करून देत. वाचणाऱ्याचा खोकला, पान उलटल्याचा आवाज, खुर्चीची करकर, शेजारच्या घरातली शिट्टी, सगळं काढून टाकून पुस्तक स्वच्छ करून द्यायचं. या कामाचा त्यांना अभिमान होता. खरं सांगायचं तर अभिमानाच्या पुढे जे काही असतं तेही थोडं होतं.

"नाही, म्हणजे," सेक्रेटरींनी घसा साफ केला, "पडद्यावर म्हणे आवाजाचं चित्र येतं. ते पाहून कापावं लागतं."

"आवाज ऐकायचा असतो, सेक्रेटरी. आमटी बघून मिठाचा अंदाज येतो का?"

"आणि माउस?" इंजिनियर म्हणाले. "माउसशिवाय ते सॉफ्टवेअर हलत नाही. माझा पुतण्या वापरतो ना."

"पुतण्याला लागत असेल. मला दहा बोटं पुरतात."

हे उत्तर बैठकीत चांगलं वठलं. घरी गेल्यावर बायको म्हणाली, "कशाला अंगावर घेतलंत? सगळी मोठी माणसं. एकाचा शब्द कापलात तरी जन्माचं वैर."

"शब्द नाही कापणार. खोकले कापणार."

"त्यांना खोकलेसुद्धा प्यारे आहेत," बायको म्हणाली. ती फारसं बोलत नसे, पण बोलली की ते तपासून बघण्याची गरज पडत नसे.

बाई रेकॉर्डिंगला आल्या त्या ठेवणीतला आवाज घेऊन. प्रत्येक मजल्याआधी त्या घसा खाकरत, एक दीर्घ श्वास घेत आणि मग 'पहिला मजला' अशा तऱ्हेने म्हणत की त्या मजल्यावर राहणाऱ्याने उभं राहून हजेरी द्यावी. सातव्या मजल्यापर्यंत पोचता पोचता त्यांनी दोनदा पाणी मागितलं. सेक्रेटरींचं 'दार बंद होत आहे' हे 'होत असल्याचे कळविण्यात येते' होऊ न देता त्यांना वाटेला लावावं लागलं. इंजिनियरांनी आपली सूचना पहिल्याच फटक्यात दिली, पण इतक्या जरबेने की बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि म्हणाली, "काय झालं?"

दुसऱ्या दिवशी दुपारी ऑपरेटर कामाला बसले. त्यांचा पडदा बंदच असे. फुकट वीज कशाला जाळा? कॉम्प्युटरमधली एक बाई, म्हणजे पडद्यावरचं सगळं वाचून दाखवणारा आवाज, त्यांना कुठे काय आहे ते सांगे, आणि पुढचं सगळं बोटं करत. स्पेस दाबली की आवाज चालू, पुन्हा दाबली की बंद. बाण दाबला की पुढे-मागे. शिफ्ट धरून बाण दाबला की आवाजाचा तेवढा तुकडा मुठीत आला. डिलीट दाबलं की तुकडा गेला. आणि पस्तावा झाला तर कंट्रोल धरून झेड दाबायचा, की गेलेलं परत. संसारात नेमकी हीच कळ द्यायची राहिली, असं ऑपरेटर एकदा म्हणाले होते. "लग्नाच्या मागे जाऊ नका म्हणजे झालं," बायको म्हणाली होती.

तशी त्या इमारतीत कळ लावायला माणसं पुष्कळ होती. कळ दाबायला एकटे ऑपरेटर.

बाईंचे खाकरे एकेक करून गेले. श्वास गेले. बाईंच्या मजल्यांमागे पंख्याची बारीक घरघर होती, तीही त्यांनी एका मजल्यावरून काढली, आणि मग बाकीच्यांवर तीच क्रिया पुन्हा करण्यासाठी कंट्रोल धरून आर, कंट्रोल धरून आर, असं करत सातव्या मजल्यापर्यंत चढले. प्रत्येक मजला त्यांनी शेवटपर्यंत ऐकला. नितळ पाण्यासारखा झाला होता. सेक्रेटरींचं दारही झालं. राहिली फक्त इंजिनियरांची सूचना, आणि दाराची बेल वाजली. दारात स्वतः इंजिनियर होते.

"म्हटलं बघावं कुठवर आलंय," ते आत येत म्हणाले, आणि थबकले. "अहो, स्क्रीन बंद आहे तुमचा!"

"असू दे."

"असू दे कसं? अंधारात काम करताय!" त्यांनी स्क्रीन लावला. "आणि हे बघा, मी काय आणलंय. माझ्याकडे एक जास्तीचा माउस होता. तुम्हाला म्हणून आणला. भेट."

नको म्हणणं ऑपरेटरना जमलं असतं, पण भेट म्हटल्यावर माणसाचे हात बांधले जातात. इंजिनियरांनी डाव्या बाजूच्या कॉम्प्युटरच्या डब्यात माउसची वायर खुपसली आणि ती कीबोर्डवरून घेऊन उजवीकडे माउस ठेवला. मग ते कॉम्प्युटरमधल्या बाईचं बोलणं ऐकू लागले. ती नेहमीप्रमाणे आपलं काम करत होती, म्हणजे दिसेल ते वाचत होती.

"ही कोण सारखी बडबडतेय? डोकं उठलं. बंद करू का?"

आता इथे ऑपरेटरनी सांगायला हवं होतं की साहेब, ती बाई म्हणजे माझे डोळे, हात लावू नका. पण भर बैठकीत दहा बोटांची फुशारकी मारलेली होती. ज्या माणसाला दाखवून दिलं, त्याच्याच पुढे 'मला ती लागते' म्हणायचं? "करा की," ते म्हणाले. "माझं काही अडत नाही. हात बसलाय."

इंजिनियरांनी दोन ठिकाणी टिचक्या मारल्या आणि बाई गप्प झाली.

ऑपरेटरनी थाटात बोटं मोडली. इंजिनियरांच्या सूचनेवरची घरघर काढायची होती, म्हणजे कंट्रोल धरून आर. त्यांची डावी करंगळी कोपऱ्यातल्या कंट्रोलवर गेली, पण तिथे कंट्रोलवर माउसची वायर पसरली होती. करंगळी वायरीवर टेकली, कळ दबलीच नाही. दुसऱ्या बोटाने आर दाबला. आणि त्या सॉफ्टवेअरमध्ये कंट्रोल न धरता नुसता आर दाबला तर त्याचा अर्थ एकच होतो: इथून पुढे रेकॉर्ड कर.

एरवी कॉम्प्युटरमधली बाई लगेच बोलली असती. ती बंद होती. इंजिनियर पडद्याकडे बघत होते, आणि पडद्यावर त्यांच्या सूचनेच्या मागोमाग एक लाल पट्टी सरकू लागली ती त्यांनी पाहिलीही. "वा! चाललंय वाटतं," ते कौतुकाने म्हणाले.

"चाललंय," ऑपरेटर म्हणाले. बायकोने चहा आणला. कपबशा टेबलावर ठेवल्याचा आवाज झाला.

चहा आला की माणूस मोकळा होतो. इंजिनियर म्हणाले, "पण काय हो, बाई सात मजले बोलायला तासभर बसल्या म्हणे?"

ऑपरेटरच्या अंगात एक कला होती. फोनवर हजारो आवाज ऐकून त्यांना कुणाचाही आवाज काढता येई. बँकेत साहेबांच्या आवाजात त्यांनी एकदा सगळ्या शाखेला अर्धा दिवस सुट्टी दिली होती. ही कला ते सहसा बाहेर काढत नसत, पण समोर दाद देणारा माणूस होता. त्यांनी घसा खाकरला, एक दीर्घ श्वास घेतला आणि बाईंच्या आवाजात म्हणाले, "मजला हा शब्द पुल्लिंगी आहे. त्यावर नम्रपणे चढावे. पाय पुसून चढावे."

इंजिनियर असे हसले की चहा बशीत सांडला. "सेक्रेटरी! सेक्रेटरी करा!"

"सदर दार बंद होत असून, ज्या सभासदाचे नाक मध्ये येईल त्या नाकाची जबाबदारी समितीवर राहणार नाही."

"अहो, हळू," बायको म्हणाली. "बाई वरच राहतात. ऐकू गेलं तर?"

"छे," ऑपरेटर आपल्या आवाजात म्हणाले. "बाई स्वतःशिवाय कुणाचं ऐकतात कुठे?"

हसणं ओसरल्यावर त्यांनी काम कसं झालं ते ऐकायला स्पेस दाबली. काहीच वाजलं नाही. कसं वाजणार? त्या स्पेसने चालू असलेलं रेकॉर्डिंग थांबलं होतं. त्यांना वाटलं, कर्सर शेवटाला असेल. पुन्हा मागे जाऊन ऐकणार तोच बेल वाजली आणि दारातून सेक्रेटरींचा आवाज आला, "मेकॅनिक खाली थांबून आहे. कार्ड तयार आहे की नाही, याबाबत खुलासा व्हावा."

"तयार आहे," ऑपरेटर म्हणाले. सगळ्या फाइली कार्डावर उतरवायच्या कळा त्यांच्या बोटांना पाठ होत्या. त्यांनी त्या दाबल्या, कार्ड काढलं आणि दिलं. आठ फाइली ऐकलेल्या होत्या. नववी ऐकली नव्हती.

संध्याकाळी तळमजल्यावर सगळी समिती जमली. मेकॅनिकने कार्ड बसवलं आणि बाजूला झाला. पहिली फेरी मान्यवरांची असं ठरलं, पण आपण मान्यवर नाही असं वाटणारं तिथे कुणीच नव्हतं. बाई आत शिरल्या, सेक्रेटरी शिरले, इंजिनियर शिरले, मग ज्यांनी ज्यांनी बैठकीत एक वाक्य जरी उच्चारलं होतं ते सगळे आपापल्या घरच्यांसह शिरले. बटण दाबण्याचा मान ऑपरेटरचा होता, म्हणून ते दाराशी उभे राहिले. त्यांनी बटण दाबलं. दार हललं नाही.

"क्षमतेपेक्षा भार अधिक आहे," छतातून इंजिनियर गरजले. "कृपया एकाने उतरावे."

"वा!" बाहेर उभं असलेलं कुणीतरी म्हणालं. "चालतंय की!"

कुणी उतरलं नाही. उतरणं म्हणजे जाड असल्याची कबुली देणं. "तुम्ही उतरा," "नाही, तुम्ही आधी," असं सौजन्य सुरू झालं. तेवढ्यात छतातून कपबशी ठेवल्याचा आवाज आला.

ऑपरेटरना तो आवाज ओळखू आला. बशीला टवका होता, ती टेबलावर टेकताना जराशी घसटते. त्यांच्या तळपायाखालून लिफ्टची जमीन सरकली. लिफ्ट मात्र जागची हलली नव्हती.

"पण काय हो," छत म्हणालं, "बाई सात मजले बोलायला तासभर बसल्या म्हणे?"

आणि मग सगळं आलं. नम्रपणे चढावे. पाय पुसून चढावे. मागून इंजिनियरांचं हसू, जे लिफ्टच्या त्या पत्र्याच्या खोलीत दुप्पट मोठं वाटलं. नाकाची जबाबदारी. सौजन्य केव्हाच थांबलं होतं. सगळे इतके स्तब्ध उभे होते की कुणाच्या तरी पिशवीतला कागद चुरचुरला तोही ऐकू आला. शेवटी अगदी स्वच्छ, शांत, ओळखीच्या आवाजात लिफ्ट म्हणाली, "बाई स्वतःशिवाय कुणाचं ऐकतात कुठे?"

नंतर खट् असं वाजलं, आणि वजन तेवढंच असल्यामुळे लिफ्टने पहिल्यापासून सुरुवात केली. "क्षमतेपेक्षा भार अधिक आहे. कृपया एकाने उतरावे."

ऑपरेटर उतरले.

त्यांचं वजन अगदी बेताचं होतं, पण तेवढं पुरलं. "दार बंद होत आहे," सेक्रेटरी छतातून म्हणाले. दार बंद झालं. लिफ्ट वर निघाली. ऑपरेटर तळमजल्यावर उभे राहून ऐकत राहिले. पहिला मजला. दुसरा मजला. तिसरा मजला. बाईंचा आवाज वर वर जात होता, एकाही खाकऱ्याशिवाय, एकाही श्वासाशिवाय, आणि त्यात कापल्याची खूण कुठेही नव्हती. इतकं सुबक काम त्यांच्या हातून पूर्वी झालं नव्हतं.

त्या रात्री ते जेवले नाहीत. बायकोने एकदाच विचारलं, मग ताट झाकून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सेक्रेटरी आले. ऑपरेटर सगळी तयारी करून बसले होते. काय बोलायचं, कशी माफी मागायची, कुठे थांबायचं. पण सेक्रेटरींचा आवाज भलताच मऊ होता.

"समितीचं असं मत पडलं," सेक्रेटरी म्हणाले, "की एकंदर परिस्थिती विचारात घेता आपल्याला दोष देणं योग्य होणार नाही."

"कसली परिस्थिती?"

"आता ती काय बोलून दाखवायची."

"दाखवा ना. बोलून दाखवलेलं मला कळतं."

सेक्रेटरी घुटमळले. "म्हणजे, दिसत असतं तर असं झालं नसतं, एवढंच. आमच्याकडूनही चूक झाली. आपल्यावर हे काम टाकायला नको होतं."

"मी कुचाळकी केली, टिंगल केली, फाइल न ऐकता दिली," ऑपरेटर म्हणाले. "यात डोळ्यांचा संबंध कुठे आला? तुमची नक्कल मी तोंडाने केली. माझ्यावर ठपका ठेवा. लेखी ठेवा."

"तशी तरतूद नाही," सेक्रेटरी म्हणाले आणि त्यांच्या खांद्यावर हळूच थोपटून निघून गेले.

मग इंजिनियर आले. कंट्रोलवर पसरलेली वायर ऑपरेटरच्या बोटांना रात्रीच सापडली होती, आणि ते इंजिनियरांच्याही कानावर गेलं होतं. "मनाला लावून घेऊ नका हो," ते म्हणाले. "दिसत असतं तर ती वायर तुम्हाला दिसली नसती का?"

"तुम्हाला दिसत होती," ऑपरेटर म्हणाले.

इंजिनियर जाताना आपली भेट परत घेऊन गेले.

दिवसभर हेच चाललं. जो येईल तो मऊ आवाजात बोले. तिसऱ्या मजल्यावरून कुणीतरी लाडू पाठवले, आजारी माणसाला पाठवतात तसे. लोक त्यांच्या बायकोला जिन्यात थांबवून "सांभाळा हं त्यांना" म्हणाले. ऑपरेटर खुर्चीत बसून होते. उभ्या जन्मात लोकांनी त्यांना बरंच काही म्हटलं होतं, बोर्डावर असताना तर शिव्यांनाही तोटा नव्हता, पण शिवी निदान बरोबर माणसाला लागते. ही माफी भलत्याच माणसाला मिळत होती. तो माणूस बिचारा होता, त्याच्या हातून चुका होणारच होत्या, आणि त्याच्याशी ऑपरेटरची ओळख नव्हती. ऐकणं हाच आपला धंदा, आणि आपण न ऐकता फाइल दिली, हे त्यांच्या मनातून जात नव्हतं आणि दुसऱ्या कुणाला पटत नव्हतं.

संध्याकाळी जिन्यात पावलं वाजली. एक पाऊल जड, एक हलकं, मध्ये कठड्यावर हात. कोण ते त्यांनी लगेच ओळखलं, आणि बेल वाजायच्या आत ते उठून उभे राहिले.

"मी समितीतर्फे आलेले नाही," बाई दारातूनच म्हणाल्या. "मी भांडायला आले आहे."

"या ना," ऑपरेटर इतक्या आनंदाने म्हणाले की बायकोने स्वयंपाकघरातून डोकावून पाहिलं. "बसा."

"उभी राहूनच बोलणार आहे. शेवटची फाइल तुम्ही ऐकलीत?"

"नाही."

"का?"

"माज आला होता."

"बरोबर शब्द," बाई म्हणाल्या. "माझ्या वर्गात कुणी न वाचता पेपर दिला असता तर मी तो त्याच्या तोंडावर फेकला असता. मग तो कुणीही असो. आणि ती बोलणारी बाई तुम्ही बंद का करू दिलीत? तोंड नव्हतं नको म्हणायला? नक्कल करायला होतं ते?"

"चुकलं."

"चुकलं नाही. तुम्ही चुकलात. कर्ता लपवू नका."

"मी चुकलो," ऑपरेटर म्हणाले.

बाई मग बसल्या. खुर्ची करकरली. "बाई स्वतःशिवाय कुणाचं ऐकत नाहीत," त्या थोड्या खालच्या आवाजात म्हणाल्या. "काल रात्रभर यातली चूक शोधत होते. चूक सापडली असती तर राग लवकर गेला असता."

ऑपरेटरनी मान खाली घातली.

"आता ती फाइल नीट करा," त्या म्हणाल्या. "माझ्यासमोर."

ऑपरेटर टेबलाशी बसले. कॉम्प्युटरमधल्या बाईला त्यांनी आधी बोलतं केलं. ती भराभरा बोलू लागली, आणि व्याकरणबाईंनी तिची दोन वाक्यं ऐकून घेतली. "हिचे उच्चार वाईट आहेत," त्या म्हणाल्या, "पण कामाची दिसते." ऑपरेटरनी इंजिनियरांचं वाक्य जिथे संपतं तिथे कर्सर नेला, शिफ्ट धरून शेवटपर्यंतचं सगळं मुठीत घेतलं, डिलीट दाबलं. करंगळी नीट कंट्रोलवर ठेवून आर दाबला. मग पहिल्यापासून वाजवलं. "कृपया एकाने उतरावे." त्यानंतर शांतता. ती शांतताही दोघांनी शेवटापर्यंत ऐकली.

"झालं?" बाईंनी विचारलं.

"झालं."

बाई उठल्या नाहीत. "दुसरी गोष्ट," त्या म्हणाल्या. "ती नक्कल. 'नम्रपणे' असं मी म्हणत नाही. तुम्ही 'म्र'वर बसलात. जोर 'न'वर असतो. पुन्हा म्हणा."

"आता?"

"आता."

ऑपरेटरनी घसा खाकरला, श्वास घेतला आणि बाईंच्या आवाजात बाईंनाच सांगितलं की मजल्यावर नम्रपणे चढावे.

"अजून नाही. श्वास जास्त झाला. मी काही धापा टाकत नाही. पुन्हा."

त्यांनी पुन्हा म्हटलं. मग आणखी एकदा. चौथ्या वेळी समोरून दुरुस्ती आली नाही. ऑपरेटर कान देऊन थांबले. बाई श्वास रोखून बसल्या होत्या, पदर तोंडाशी धरल्यासारखा त्यांचा श्वास कोंडला होता, आणि खुर्ची अगदी बारीक, एका लयीत करकरत होती. स्वयंपाकघरात बायकोने भांडं खाली ठेवलं आणि ती दारात येऊन उभी राहिली.

बऱ्याच वेळाने बाईंनी श्वास सोडला, डोळे पुसले आणि घसा साफ केला.

"ठीक आहे," त्या म्हणाल्या. "आता सेक्रेटरींची करा."